आधी मोजणी, मग लाल शाई

गेल्या उन्हाळ्यात माझी एक विद्यार्थिनी नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला गेली होती. दिंडोरी तालुक्यातली मुलगी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बी.कॉम.ला पहिला वर्ग, टॅली उत्तम येतं. एका कंपनीत खरेदी विभागाचा पत्रव्यवहार सांभाळायची जागा होती. दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, त्यांनी विचारलं, कामावर कधीपासून येऊ शकाल? मी म्हटलं, 'टुमॉरो ओन्ली.' तर समोरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले." जागा तिला मिळाली नाही. कारण तेवढंच होतं का, ते मला सांगता येणार नाही. पण तिच्या मनानं तेच कारण धरलं, आणि त्या दिवसापासून इंग्रजीतून काही विचारलं की ती मान खाली घालते.

"टुमॉरो ओन्ली" म्हणजे आपलं "उद्याच". "उद्या येते" आणि "उद्याच येते" यांत जी उत्सुकता आहे, जी खात्री आहे, ती सगळी त्या एका "च"मध्ये मावते. इंग्लंडातला माणूस तेवढ्यासाठी शब्दावर आवाजाचा जोर देतो किंवा वाक्य फिरवून घेतो. आपण त्या "च"ला "ओन्ली"चा आधार दिला. हिंदीत "ही" आहे, दक्षिणेकडच्या भाषांतही शब्दाला असाच मागून चिकटणारा जोर आहे, म्हणून हा "ओन्ली" एकट्या दिंडोरीचा नाही. देशभरातल्या शिकल्यासवरलेल्या, इंग्रजी माध्यमातून पदव्या घेतलेल्या माणसांच्या तोंडी तो आहे. हे मी अंदाजानं म्हणत नाही. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून, लिहून काढून, संगणकावर शोधून हे तपासलेलं आहे. त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली: हीच माणसं लिहायला बसली की हा "ओन्ली" जवळजवळ नाहीसा होतो. गप्पांत आहे, छापील लेखात नाही. इतका बारीक भेद जो पाळतो, त्याला इंग्रजी येत नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे. एखाद्याच्या इंग्रजीला चूक म्हणण्याआधी ते कोणत्या प्रसंगाचं आहे ते पाहा, आणि त्याच प्रसंगाचं इंग्रजी इतर जण कसं वापरतात ते मोजा. तुलना करायची तर गप्पांची गप्पांशी, पत्राची पत्राशी, मुलाखतीची मुलाखतीशी. नाशिकच्या मुलीच्या बोलण्याची लंडनमध्ये छापलेल्या व्याकरणाच्या पुस्तकाशी तुलना म्हणजे तुलनाच नव्हे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं आज तिशी ओलांडून गेली. एवढ्या काळात आपण पाठ्यपुस्तकं बदलली, परीक्षेचा आराखडा बदलला, गल्लोगल्ली स्पोकन इंग्लिशचे वर्ग निघाले. कॉलेज रोडवरून गंगापूर रोडपर्यंत चालत गेलं तरी पाट्या मोजता मोजता दमायला होईल. पण या मुलांना प्रत्यक्षात कोणत्या कामासाठी, कोणाशी, कसलं इंग्रजी बोलावं-लिहावं लागतं, हे कुणी गोळा करून पाहिलं? मला तरी तसा प्रयत्न भेटलेला नाही, आणि मी याच कामात वीस वर्षं आहे.

भाषेचे खरे नमुने ठरावीक पद्धतीनं गोळा करून, संगणकात घालून, त्यावर मोजणी करायची याला कॉर्पस पद्धत म्हणतात. कॉर्पस म्हणजे नमुन्यांचा साठा. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठात नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा यांनी १९६१ साली छापलेल्या अमेरिकन मजकुरातून ५०० नमुने घेतले, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे. एकूण दहा लाख शब्द, पंचिंग करून कार्डांवर चढवलेले. बातम्या, अग्रलेख, धार्मिक लेखन, सरकारी कागद, शास्त्रीय निबंध, कथा अशा पंधरा प्रकारांत ते विभागलेले होते. मग लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गन इथल्या मंडळींनी त्याच वर्षीच्या ब्रिटिश मजकुरातून त्याच मापाचा साठा केला. माप एक, प्रकार एक, वर्ष एक. फक्त देश वेगळा. म्हणून तुलना करता आली.

आणि तिसरा साठा? तो आपल्या कोल्हापुरात झाला. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा कॉर्पस उभा केला, तोच साचा वापरून. मजकूर मात्र १९७८ सालचा निवडला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी इथं जे छापलं जात होतं ते. ब्रिटन-अमेरिकेच्या साच्यात साहसकथा आणि प्रेमकथांना जेवढी जागा होती, तेवढ्या भारतीय इंग्रजी साहसकथा-प्रेमकथा मिळेनात. म्हणून तिथले नमुने कमी करून सर्वसाधारण कथा-कादंबऱ्यांचे वाढवावे लागले. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या इंग्रजीत काय आहे यापेक्षा काय नाही, हेही त्या साठ्यानं सांगितलं. भारतीय माणूस इंग्रजीत कायदा लिहीत होता, अग्रलेख लिहीत होता, प्रबंध लिहीत होता. प्रेम आणि थरार तो आपापल्या भाषेत वाचत होता.

जगभरचे भाषावैज्ञानिक आजही "कोल्हापूर कॉर्पस" हे नाव घेतात. नाशिकमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या किती जणांनी ते ऐकलं असेल? एम.ए.ला मला ते कुणी सांगितलं नाही. नोकरीला लागून आठ-नऊ वर्षं झाल्यावर एका कार्यशाळेत योगायोगानं कळलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तोवर किती उत्तरपत्रिकांवर मी लाल रेघा मारल्या होत्या, आणि त्यातल्या कितींना माझ्याकडं आधार होता?

साठा असला म्हणजे तुलना आपोआप बरोबर होते असंही नाही. इथं मोठा सापळा आहे, आणि त्यात चांगले चांगले अडकतात. द्राक्षाच्या भाषेत सांगते. एका पेटीत हिरवी थॉमसन आणि काळी शरद मिसळून भरलेली आहे, दुसऱ्या पेटीत नुसती थॉमसन. दोन्ही पेट्या शेजारी ठेवून कुणी म्हणालं, "पहिल्या बागेची द्राक्षं काळपट असतात बुवा," तर पिंपळगावचं शेंबडं पोरही त्याला थांबवेल. काळेपणा बागेचा नाही, जातीचा आहे. भाषेचंही तसंच. भारतातला साठा सरकारी कागद आणि प्रबंधांनी भरलेला, ब्रिटनमधला कादंबऱ्या आणि गप्पांनी. दोन्हींतले कर्मणी प्रयोग मोजले आणि "भारतीयांना कर्मणीची फार हौस" असा निष्कर्ष काढला, तर ती त्याच पेटीवरची चूक झाली. शास्त्रीय निबंधात कर्मणी प्रयोग जास्त असणारच, मग तो केंब्रिजमध्ये लिहिलेला असो की सातपूरमध्ये.

प्रसंगानुसार भाषेचा जो घाट बदलतो, त्याला भाषाविज्ञानात रजिस्टर म्हणतात. हजेरीचं रजिस्टर वेगळं. मराठीत तर हे आपण रोज जगतो. तहसील कचेरीत "सबब, अर्ज सादर" लिहिणारा माणूस लासलगावच्या लिलावात आकडे ओरडतो, संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यक्रमात "सन्माननीय व्यासपीठ" म्हणतो, आणि घरी येऊन नातवाला "ये रे पिल्ल्या" म्हणतो. त्याला कुणी विचारत नाही की यातली तुझी खरी मराठी कोणती. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण एकच पट्टी घेऊन बसतो.

सिडनी ग्रीनबाम या ब्रिटिश अभ्यासकानं १९८८ साली जी योजना मांडली, ती म्हणूनच मला दूरदृष्टीची वाटते. देशोदेशीच्या इंग्रजीचे दहा-दहा लाख शब्दांचे साठे, सगळे एकाच आराखड्यानुसार: ५०० नमुने, त्यातले ३०० बोललेल्या भाषेचे आणि २०० लिहिलेल्या. बोललेल्यात समोरासमोरच्या गप्पा, टेलिफोन, वर्गातले तास, संसदेतल्या चर्चा, कोर्टातली उलटतपासणी, व्यापारी बोलणी. लिहिलेल्यात विद्यार्थ्यांचे निबंध, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, घरगुती पत्रं, व्यावसायिक पत्रं आणि छापील मजकूर. भारताचा साठा कोल्हापूर आणि बर्लिनच्या अभ्यासकांनी मिळून पूर्ण केला. आता सिंगापूरची उलटतपासणी भारताच्या उलटतपासणीशी ताडून पाहता येते, आणि आपली व्यावसायिक पत्रं ब्रिटनच्या पत्रांशी.

ताडायचं काय, हा पुढचा प्रश्न. एकेक शब्द किंवा एकेक "चूक" धरून मोजत बसलं तर चित्र दिसत नाही. १९८८ सालीच डग्लस बायबर या अमेरिकन अभ्यासकानं वेगळी वाट दाखवली. त्यानं ६७ भाषिक खुणा घेतल्या: मी-तू ही सर्वनामं, "डोन्ट"सारखी आकुंचित रूपं, "वाटतं", "कळतं" अशा अर्थाची क्रियापदं, नामं, विशेषणं, शब्दांची लांबी, कर्मणी प्रयोग, असं बरंच काही. कोणत्या खुणा एकमेकींच्या सोबतीनं येतात आणि कोणत्या एकमेकींना टाळतात, ते संख्याशास्त्रानं पाहिलं. त्यातून सगळ्यात ठळक निघाली ती एक लांबलचक पट्टी. तिच्या एका टोकाला समोरच्यात गुंतलेलं बोलणं, दुसऱ्या टोकाला माहितीनं ठासून भरलेला मजकूर. घरगुती पत्र लेखी असूनही गप्पांच्या जवळ येऊन बसलं. बोललेलं आणि लिहिलेलं यांच्यामध्ये आपण जी भिंत मानत होतो, ती तिथं नव्हतीच.

हे वाचल्यावर मी वर्गात एक प्रयोग केला. संगणक लागत नाही, दोन रंगांचे हायलायटर पुरतात. डिसेंबरातला शनिवार होता, वर्गात गारठा होता, खिडकीकडेच्या बाकांवर ऊन आलं होतं म्हणून सगळी पोरं तिकडं सरकून बसली होती. प्रत्येकाजवळ स्वतःचेच तीन कागद. एक, प्राचार्यांना लिहिलेला रजेचा अर्ज. दुसरा, बहिणीशी किंवा मित्राशी व्हॉट्सॲपवर इंग्रजीत झालेलं बोलणं, नावं खोडून. तिसरा, आदल्या आठवड्यात घेतलेल्या सराव-मुलाखतीतली त्यांची उत्तरं, मोबाइलवर मुद्रित केलेली आणि त्यांनीच ऐकून जशीच्या तशी लिहून काढलेली. सांगितलं, "आय", "यू", "डोन्ट", "आयम", "थिंक", "फील" पिवळं करा. नामं, विशेषणं, आणि "ऑफ", "इन", "फॉर", "रिगार्डिंग" असले जोडशब्द हिरवे करा.

अर्ज हिरवागार झाला. गप्पा पिवळ्याधमक. मुलाखतीच्या कागदाबद्दल सगळ्यांचा अंदाज होता की तो मिसळ निघेल. समोर माणूस बसलाय, प्रश्न विचारतोय, म्हणजे थोडं इकडचं थोडं तिकडचं. पण तोही हिरवाच निघाला. "माय फॅमिली बॅकग्राउंड इज ॲग्रिकल्चरल ऑक्युपेशन इन द व्हिलेज ऑफ..." अशी ओळीमागून ओळ. निफाडकडचा एक मुलगा आपला कागद बराच वेळ न्याहाळत बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी तर अर्जच बोललोय."

वर्ग एकदम गप्प झाला.

माझ्या त्या दिंडोरीच्या मुलीचा कागद मी नंतर घरी नेऊन पाहिला. दोन पानं हिरवी, आणि मधेच, जिथं मी आयत्या वेळी सुचलेला प्रश्न विचारला होता, तिथं तीन-चार ओळी पिवळ्या. तिथंच तिच्या आवाजात जीव होता. तिथंच "ओन्ली" होता, "नो?" होता, अर्धं सोडलेलं वाक्य होतं. पुढं अंबडला तिच्या बाबतीत काय झालं असावं, ते मला या कागदावरून उमगलं. पाठ केलेल्या अर्जाच्या भाषेत ती बोलत राहिली तोवर कुणी हसलं नाही. अनपेक्षित प्रश्न आला, तिच्या तोंडून तिची स्वतःची बोली निघाली, आणि नेमकं त्यावर हसू आलं.

पन्नास-साठ पोरांच्या कागदांवरून मी सगळ्या देशाबद्दल काही सांगणार नाही. पण देशोदेशीच्या त्याच साठ्यांवर झालेल्या कामाशी हे जुळतं. ब्रिटन, भारत, हाँगकाँग, सिंगापूर आणि फिलिपिन्स इथलं इंग्रजी बायबरच्या धर्तीवर ताडून पाहणारा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय इंग्रजी इतरांच्या मानानं कमी संवादी आणि जास्त भरगच्च दिसलं. त्याच वर्षी चंद्रिका बालसुब्रमण्यन यांनी भारतीय इंग्रजीतल्या प्रसंगभेदांवर केलेलं सविस्तर काम बाहेर आलं. "भारतीय" म्हणून गाजलेल्या लकबी सगळीकडं सारख्या पसरलेल्या नाहीत, बोलण्यात जास्त, लेखनात कमी, हे त्यातून दिसलं. "आय ॲम अंडरस्टँडिंग", "आय ॲम हॅविंग" यांची एवढी चेष्टा होते, पण मोजल्यावर त्यांचं प्रमाण त्या गाजावाजाला साजेसं निघालं नाही. म्हणजे "भारतीयांच्या शंभर चुका" असली जी पुस्तकं आपण पोरांच्या हातात देतो, ती कुणाच्या तरी कानावर राहिलेल्या मजेशीर वाक्यांवर बेतलेली आहेत. कान फसवतो. वेगळं वाटलं ते लक्षात राहतं, नेहमीचं निसटून जातं.

मग खरी अडचण कुठं आहे? माझं मत स्पष्ट आहे: आपल्या मुलांना इंग्रजीचा एकच प्रसंग शिकवला जातो आणि तो अर्जाचा आहे. पाचवी-सहावीपासून "विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट". बारावीपर्यंत निबंध, पत्र, अहवाल, सारांश. "प्लीज डू द नीडफुल" याला मी स्वतः कित्येक वर्षं "इंडियन" म्हणून रेघ मारत आले. प्रत्यक्षात तो इंग्रजांच्याच कचेऱ्यांतला जुना वाक्प्रचार. तिकडं मागं पडला, आपल्या फायलींत टिकला. "फाइंड द सेम अटॅच्ड" मधला "द सेम" हाही मूळ वकिलांच्या आणि पेढ्यांच्या कागदांतला. भारतीय म्हणून ज्याला हिणवतात, त्यातलं कितीतरी असं कचेरीचं इंग्रजी आहे, घराबाहेर पडून भलत्या प्रसंगी वापरलं गेलेलं. रेघ मारून ते जाणार नाही. मुलाला दुसऱ्या प्रसंगाचं इंग्रजी दिलं तरच जाईल.

यावर माझे सहकारी लगेच विचारतात, मग काहीही चालवून घ्यायचं का? उद्या उत्तरपत्रिकेत "टुमॉरो ओन्ली" लिहिलं तरी गुण द्यायचे? नाही द्यायचे. मोजणी कुणाला मोकळं रान देत नाही, उलट ती शिक्षकाला नेमकं बोलायला भाग पाडते. "हे इंग्रजीच नव्हे" म्हणणं सोपं आहे. "हे गप्पांत सर्रास चालतं, उत्तरपत्रिकेत इतर कुणी लिहीत नाही, म्हणून इथं नको" हे म्हणायला आधी माहिती हवी. दुसरं वाक्य ऐकून कुठलीही मुलगी मान खाली घालणार नाही.

द्राक्ष निर्यातीचंच बघा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपले कंटेनर अडकले आणि या जिल्ह्यातल्या बागायतदारांचं कंबरडं मोडलं. अशा वेळी रॉटरडॅमच्या खरेदीदाराला जाणाऱ्या पत्रात कंटेनरचा क्रमांक पहिल्या ओळीत हवा, प्रयोगशाळेच्या अहवालाचा आकडा दुसऱ्या ओळीत. तिथं "वुई हंबली सबमिट" यानं सुरुवात करून मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात आला, तर व्याकरण शुद्ध असूनही ते पत्र फसलं. आणि ज्याला चार वाक्यांत नेमकं सांगता आलं, त्याचं एखादं "द" हुकलं तरी माल सुटतो. या पत्राची तुलना डच, केनियन, चिली किंवा दक्षिण आफ्रिकेच्या निर्यातदारानं लिहिलेल्या तशाच पत्राशी व्हायला हवी. आपण ती करतो शालेय व्याकरणाशी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. हे जे साठे आहेत त्यांत आपली मुलं आहेत कुठं? १९७८ चा कोल्हापूर साठा म्हणजे छापील मजकूर. ज्यांचं लिहिलेलं छापून आलं, त्यांचंच इंग्रजी. त्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय साठ्यात बोलणारे १८ वर्षांवरचे आणि इंग्रजीतून शिक्षण झालेले. म्हणजे पेठ, सुरगाण्याहून येऊन मराठीतून दहावी झालेला आणि आता सातपूरच्या कारखान्यात जर्मन यंत्राची पुस्तिका वाचणारा मुलगा त्यात नाही. शिवाय हे सगळं मोबाइलच्या आधीचं. २०१३ साली २० देशांच्या संकेतस्थळांवरून १९० कोटी शब्दांचा एक प्रचंड साठा मार्क डेव्हीस यांनी खुला केला, भारतही त्यात आहे. पण तो संगणकापुढं बसून लिहिणाऱ्यांचा. आकडा मोठा असला म्हणून त्यात माणूस सापडतोच असं नाही. उलट ज्यांची भाषा मोजली गेली, त्यांचीच भाषा पुढं "प्रमाण भारतीय इंग्रजी" ठरायची, आणि दिंडोरीची मुलगी दोनदा बाहेर राहायची: आधी लंडनच्या पट्टीवर, मग दिल्ली-मुंबईच्या.

म्हणूनच मला नाशिकचा स्वतःचा साठा हवा आहे. हे स्वप्नरंजन नाही, सगळी सामग्री इथंच आहे. गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून नोकरी करत, शेती करत शिकणारी महाराष्ट्रभरची माणसं त्याच्याशी जोडलेली आहेत. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. तिथं शिकणारा डॉक्टर रुग्णाशी मराठीत बोलतो आणि केसपेपर इंग्रजीत लिहितो. मराठीसाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं गावोगाव जाऊन बोलींचं सर्वेक्षण केलं, माणसांचं बोलणं मुद्रित करून ते लोकांना ऐकता-वाचता येईल असं ठेवलं. आपल्या घरच्या भाषेसाठी जे होऊ शकतं, ते आपण परक्या घरून आणून रोज वापरतो त्या भाषेसाठीही होऊ शकतं. हे मराठीवरचं अतिक्रमण आहे असं मला वाटत नाही. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या स्मारकात जमणाऱ्या गर्दीत मीही असते. इंग्रजीची भीती ज्या मुलाला बसते, ते मूल पुढं आपल्या मराठीचीही लाज बाळगायला शिकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

फार मोठं काही नको. दहा लाख शब्दही नकोत. पाच प्रसंग घ्यावेत: नोकरीची मुलाखत, कामाच्या ठिकाणची ई-पत्रं, कारखान्यातली पाळी बदलताना होणारी बोलणी, वर्गातला तास, मित्रांमधल्या गप्पा. प्रत्येकाचे सारख्या मापाचे तुकडे. बोलणाऱ्याचं नाव, गाव, कंपनी काढून टाकायची. ज्याचं बोलणं त्याची लेखी परवानगी, आणि परवानगीचा कागद मराठीत, कारण इंग्रजीतला कागद न वाचताच सही होते. मोजताना दर हजार शब्दांमागे किती, असंच मोजायचं, नाहीतर जास्त बोलणारा जास्त चुकणारा ठरतो. मग अभ्यास मंडळापुढं बसताना आपल्या हातात काहीतरी असेल. मुलाखतीच्या धड्यात खऱ्या मुलाखती येतील. पेपर तपासणाऱ्यांच्या सूचनांत "भारतीय लकब" असा मोघम शेरा राहणार नाही.

खर्च मुख्यतः लिहून काढणाऱ्या हातांचा आहे. एक तासाचं बोलणं नीट उतरवायला दिवस मोडतो. पण दरवर्षी प्रकल्पाच्या नावाखाली आम्ही हजारो मुलांकडून इंटरनेटवरून उतरवलेले कागद घेतो आणि ते कपाटात टाकतो. त्याऐवजी एकेका मुलानं दहा-दहा मिनिटं बोलणं उतरवलं, तर एका महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांत पुरेसा साठा उभा राहील. मी येत्या सत्रापासून माझ्या वर्गापुरती सुरुवात करते आहे. दिंडोरीच्या त्या मुलीनं आवाज द्यायला होकार दिला आहे. पूर्ण दोन दिवस विचार करून दिला, आणि एकच अट घातली: लिहून काढताना तिचं वाक्य कुणी सुधारायचं नाही. मधेच मराठीत गेली तर मराठी, अडखळली तर अडखळणं, "ओन्ली" आला तर "ओन्ली".